तंबूएवढी जागा

'जागा नाही' हे दोन शब्द आमच्या आबांना कळायचेच नाहीत. मराठीतून सांगा, हिंदीतून सांगा, जर्मनमधून सांगा. ते मान डोलवायचे, हसायचे आणि होते तिथेच उभे राहायचे. मला ह्याचा सुरुवातीला भयंकर राग यायचा. मी पुण्याची. आमच्याकडे दुकानदार 'नाही' म्हणाला की गिऱ्हाईक मुकाट घरी जातं. आबांचं बोलणं मात्र तिथून सुरू व्हायचं.

आबा म्हणजे माझे सासरे. कराडला टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं लाइनमन होते. खांद्यावर शिडी आणि खाली सायकल, असं त्यांनी अख्खं आयुष्य काढलं. तार कुणाच्या तरी माडीवरून न्यायची असायची आणि घरमालक ठाम नकार द्यायचा. आबा वाद घालायचे नाहीत. शिडी भिंतीला टेकवायची, दारात उभं राहायचं आणि प्यायला पाणी मागायचं. "पाणी यायच्या आत परवानगी येते बघ," असं ते मला सांगायचे. "माणूस समोर उभा राहिला की नाही म्हणणं अवघड असतंय. फोनवर काय, कुणी पण नाही म्हणतं." टेलिफोन खात्यातल्या माणसाने हे सांगावं, ह्याचं त्यांना काहीच वाटायचं नाही.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या जन्मापासूनची हकिगत मला सांगता यायची नाही, तेवढी ती मला माहीतही नाही. मला नीट माहीत असलेले आबा एकाच उन्हाळ्यातले आहेत.

आम्ही जर्मनीत, बॉबलिंगेनजवळ राहतो. माझा नवरा नितीन गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी सॉफ्टवेअर तपासते आणि आमची दहा वर्षांची ईरा मराठी सगळं समजून उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. सासूबाई गेल्यावर आबा कराडच्या घरात एकटे होते. नितीन एकुलता एक. म्हणून उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर आम्ही त्यांना इकडे आणायचो. त्या वर्षी ते दुसऱ्यांदा आले होते.

आल्या आल्या त्यांनी आमच्या रस्त्यावरचे दिव्याचे सगळे खांब तपासले. बोटाच्या पेराने ठोकायचं आणि कान लावायचा. मी म्हटलं, "आबा, अहो लोक बघतायत." तर म्हणे, "बघू देत की. आतनं गंजलाय का, कळायला नको?" खिशात कायम चिकटपट्टी आणि वीतभर तार. दिसेल त्या माणसाला 'साहेब' म्हणायची सवय. पोस्टमन साहेब, ईराचा दातांचा डॉक्टर साहेब आणि बसची ड्रायव्हर, ती बाई असूनही, साहेब.

त्या ऑगस्टात ओस्टसेच्या किनाऱ्याने अकरा दिवस सायकलवर जायचं आमचं ठरलं होतं. ओस्टसे म्हणजे जर्मनीचा उत्तरेकडचा समुद्र. आबांना मी माझ्या मैत्रिणीकडे ठेवणार होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी पण येतो की." मी स्वयंपाकघरात जाऊन नितीनशी भांडले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, रोज चाळीस किलोमीटर, तंबूत झोपायचं, काही झालं म्हणजे? आबांना बॅटरीवाली सायकल घेऊन देतो म्हटलं तर तेही नको. "मोटार लावायची तर मग गाडीच घ्या." शेवटी घरमालकांची तीन गिअरची जुनी सायकल मिळाली. आबांनी पॅन्टच्या पायाला रबरबँड लावला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पहिल्याच दिवशी आम्हा तिघांना मागे टाकलं.

ऑगस्टमध्ये निम्मी जर्मनी समुद्रावर असते आणि उरलेली निम्मी तिकडे निघालेली असते. कॅम्पिंगच्या जागा अशा भरतात की विचारू नका. आपल्या तंबूची दोरी शेजाऱ्याच्या दोरीत, त्याचे मासे आपल्या नाकात आणि त्याचं घोरणं आपल्या उशाशी. तोंड धुवायला रांग, भांडी घासायला रांग, सकाळच्या पावाला रांग. नितीनने म्हणून जानेवारीपासून एक एक रात्र बुक करून एक्सेलमध्ये भरून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी समोरून असला वारा सुटला की चार तासांत आमचे पंधरा किलोमीटरसुद्धा झाले नाहीत. बुक केलेली जागा पार पुढे राहिली. ईरा रडायला लागली. वाटेत एक कॅम्पिंग दिसलं. फाटकावर मोठी पाटी होती, सगळं भरलंय म्हणून. नितीन आत जाऊन विचारून आला आणि मान हलवून सायकल वळवायला लागला.

आबा म्हणाले, "थांब." हेल्मेट काढून हातात घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि आत गेले. काउंटरमागे एक दणकट बाई होती. आबांनी तिला नमस्कार केला. मग आमच्या सायकलींकडे बोट दाखवलं, ईराकडे दाखवलं, स्वतःकडे दाखवलं आणि अंगठा नि तर्जनी जवळ आणून एवढीशी, एवढीशी अशी खूण केली. बाई म्हणाली, भरलंय. आबा हसले. बाईने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. आबांनी पुन्हा मान डोलवली. मी दारात लाजेने अर्धी झाले होते. बाईने एकदा खिडकीतून सायकलींकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "आल्झो, बरं, सायकलवर आलाय होय. मग कुंपणाशी कुठेतरी बसवते." आणि कचऱ्याच्या डब्यांमागे तंबूएवढी जागा मिळाली.

ती इथली रीतच आहे, हे आम्हाला पुढे कळलं. गाडीवाल्याला सरळ परत पाठवतात, पण दिवसभर पायडल मारून आलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी कुठेतरी कोपऱ्यात घालतात. आबांना मात्र त्यात रीतबीत काही दिसली नाही. त्यांना त्यांचं कराडचंच शास्त्र सिद्ध झालेलं दिसलं. "बघितलंस? समोर जाऊन उभं राहायचं असतंय. तुझं ते एक्सेल ठेव बॅगेत." त्यानंतर नितीनचं बुकिंग कोलमडेल तिथे आबा पुढे. पाचव्या दिवशी त्यांचं शास्त्र चाललं, सातव्या दिवशी चाललं. आठव्या दिवशी तर एका म्हाताऱ्याने स्वतःची खुर्ची हलवून आम्हाला जागा करून दिली. मलाही मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

पण मध्येच ते बाथरूमचं प्रकरण झालं.

सहाव्या दिवशी सकाळी कॅम्पिंगचा माणूस माझ्याकडे आला. तक्रार होती. तुमच्याबरोबरचे आजोबा आंघोळ करताना दार लावत नाहीत, सताड उघडं ठेवतात, बाहेर रांगेत लोक असतात. माझं डोकंच फिरलं. मी आबांना चारचौघांत नाही, पण तंबूमागे नेऊन चांगलं सुनावलं. "आबा, अहो हे काय कृष्णाकाठ आहे का? कडी आहे ना आतून? लावायची!"

ते ओला पंचा पिळत होते. पिळून झाला, झटकला, दोरीवर नीट घातला. मग म्हणाले, "कडी लावली की दूधवालीला आत येता येत नाही गं."

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. जानेवारीत ते कराडला पडले होते, एवढं आम्हाला माहीत होतं. फोनवर म्हणाले होते, जरा पाय घसरला, आता बरा आहे. पाय घसरला नव्हता. मोरीत त्यांना भोवळ आली होती आणि कंबर अशी धरली की उठता येईना. कडी आतून, आणि हात कडीपर्यंत पोचेना. दूधवालीने हाक मारली, उत्तर नाही म्हणून पिशवी दाराला अडकवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली तर कालची पिशवी तशीच. तेव्हा तिने माणसं गोळा केली आणि दार फोडलं. एक दिवस आणि एक रात्र आबा फरशीवर पडून होते. "नळ हाताशी होता, त्यामुळे पाण्याची अडचण नव्हती," असं ते मला समजावून सांगत होते, जणू मीच पडले होते.

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगून तुम्ही काय करणार होता इतक्या लांबनं? उगाच तुमच्या जिवाला घोर."

मी नितीनला सांगितलं. तो पावाची पिशवी हातात घेऊन तिथेच वाळूत बसला. त्याने आधीच सगळं विचारून ठेवलं होतं, वकिलाला सुद्धा. आईबापांना इथे कायमचं आणता येत नाही. दुसऱ्याच्या आधाराशिवाय ज्याला जगताच येत नाही, अशाच माणसासाठी अपवाद आहे, आणि तोही क्वचित. आता नियम बदललाय, पण तो नव्याने येणाऱ्या इंजिनिअरांसाठी. नितीनच्या टीममध्ये गेल्या वर्षी आलेला मुलगा आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो. बारा वर्षं इथे राबलेल्या नितीनला ते करता येत नाही. का, तर आम्ही लवकर आलो. ह्यावर चिडायचं कुणावर, तेच कळत नाही.

मग तुम्ही परत का गेला नाहीत, असं मला खूप जणांनी विचारलंय. ईराची शाळा, नितीनची नोकरी, माझी नोकरी. कारणं खरी आहेत. सांगताना माझा आवाज मात्र आपोआप खाली जातो.

त्या दिवसापासून आबा आंघोळीला गेले की मी बाहेर उभी राहायचे. दार लोटलेलं, आणि त्यापुढे मी. ते आतून मधून मधून म्हणायचे, "आहेस ना गं?" मी म्हणायचे, "आहे, आबा." रांगेतली माणसं बघायची. बघू देत.

नवव्या दिवशी होर्स्ट भेटले. कॅम्पिंगवर काही लोकांची वर्षानुवर्षांची ठरलेली जागा असते. कॅराव्हॅन, त्यापुढे पक्का मांडव, कुंपण, फुलझाडं, शोभेचे मातीचे बुटके, खिडकीला पडदे. होर्स्ट त्यातलेच, आबांच्याच वयाचे. आदल्या रात्री वादळ झालं होतं आणि त्यांच्या मांडवाच्या दोऱ्या सुटल्या होत्या. आबांनी न विचारता कुंपण ओलांडलं, दोऱ्या सोडवल्या आणि खांबाला तार ताणतात तशा एक एक करून पुन्हा बांधल्या. होर्स्टनी एक दोरी ओढून पाहिली, हलेना. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली आणि कॉफी केली.

मग ईराला मध्ये बसवून गप्पा. होर्स्ट जर्मनमध्ये बोलायचे, ईरा मोडक्या मराठीत सांगायची, आबांचं मराठी परत जर्मनमध्ये जायचं. ही जागा होर्स्टकडे एकतीस वर्षं होती. आबांना खरंच वाटेना. "कायमची? तंबूला?" ईराने विचारून सांगितलं, हो, कायमची. "मिळते कशी?" अर्ज करायचा, नंबर लावायचा. होर्स्टना अकरा वर्षं थांबावं लागलं होतं.

"नंबर तरी लागतो," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्या व्हिसाच्या हापिसात नितीन स्वतः गेला होता का? का कॉम्प्युटरवरच विचारलं?"

घरी परत आल्यावर हाच विषय. तू स्वतः गेला होतास का? समोर उभा राहिलास का? नितीन चिडला, ओरडला. आबांचे बावीस दिवस उरले होते. मी म्हटलं, जाऊ दे, त्यांच्या मनासारखं होऊ दे. मी टेर्मीन घेतली. इथे वेळ ठरवल्याशिवाय कुठल्या कचेरीचं दारसुद्धा ढकलता येत नाही.

मी बसने जाऊ म्हटलं. आबा म्हणाले, सायकलने. "सायकलवाल्याला परत पाठवत नाहीत इथं." इस्त्रीचा शर्ट, पायाला रबरबँड, आणि आत शिरताना हेल्मेट काढून हातात. मी बघत होते आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. तरी मी 'आबा, हेल्मेट बाहेर ठेवा' असं म्हणाले नाही. का नाही म्हणाले, हे मी स्वतःला अजून विचारते.

खोलीतली बाई माझ्याच वयाची होती, बोलायला चांगली. आबांनी तिला नमस्कार केला. मी सगळं सांगितलं, सासूबाई गेल्याचं, एकटेपणाचं, मोरीत पडल्याचं. ती लिहून घेत होती. आबांना भाषा कळत नव्हती, पण मी हाताने पडल्याची खूण केली ती त्यांनी पाहिली.

"ते कशाला सांगतेस?" ते एकदम कडक आवाजात म्हणाले. "म्हाताऱ्याचं ओझं कोण घेईल? माझं मी सगळं करतो म्हणून सांग. कुणावर भार नाही म्हणावं. सांग की!"

मी त्याचं जर्मन केलं नाही. बाईने विचारलं, काय म्हणतायत? तोवर आबांनी हेल्मेट वर धरलं होतं आणि ईराने शिकवलेलं जर्मन ते स्वतःच बोलून गेले. "फारराड! ओस्टसे! फिअरहुंडर्ट किलोमेटर!"

सायकल, ओस्टसे, चारशे किलोमीटर. बाई मनापासून हसली. वा, म्हणाली, माझ्या वडिलांना कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत चालवत नाही. मग पेन खाली ठेवून तिने मला हळू आवाजात समजावलं. अर्ज करायचा तर तो भारतातूनच करावा लागेल. स्वतःचं स्वतः काहीच करता येत नाही, असं सिद्ध करावं लागेल. आणि तुमचे सासरे तर, देवाच्या कृपेने, ठणठणीत आहेत. ती खोटं काहीच बोलत नव्हती.

मी बाहेर येऊन सांगितलं, "आबा, नाही म्हणाल्या."

"बाई चांगली होती," आबा म्हणाले. "हसली की."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज खाली जाऊन पत्रपेटी बघायला लागले. जर्मनीत सगळं पत्राने येतं, हे त्यांना माहीत झालं होतं. पत्र येणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. ते बरं म्हणायचे आणि उद्या पुन्हा जायचे. तिसऱ्यांदा सांगायचा मला धीर झाला नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी, बॅग भरताना त्यांनीच विचारलं, "माझं बोलायला काही चुकलं का गं तिथं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आमच्यात एकमेकांना काही न सांगण्याने एवढं सगळं झालं होतं, म्हणून मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "आबा, तुम्ही फार धडधाकट दिसलात. त्यांना असहाय माणूस पाहिजे होता."

त्यांनी शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. "हात्तिच्या," म्हणाले, आणि बॅगेची चेन लावली.

सकाळी स्टुटगार्टच्या विमानतळावर गेलो. मध्ये विमान बदलायचं होतं, म्हणून नितीनने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आमच्याकडचे सगळेच आईवडिलांसाठी सांगतात. चालता येत नाही म्हणून नव्हे, परक्या विमानतळावर चुकतील म्हणून. आबांनी आधी साफ नकार दिला. मग नितीनचा चेहरा पाहिला आणि बसले. पाय फळीवर जुळवून ठेवले, हात मांडीवर घेतले, खांदे थोडे आत ओढले. इतकी वर्षं शिडी वाहिलेला तो माणूस त्या खुर्चीत एवढासा दिसायला लागला. ईरा त्यांची मिठी सोडेना. नितीन पाया पडला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी वाकले तेव्हा आबांनी मला थांबवलं आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "सुजाता, त्या बाईंच्या पुढं असा गेलो असतो, तर चाललं असतं का गं?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात विमानतळाच्या माणसाने खुर्चीचा ब्रेक काढला. त्याला आणखी दोघांना न्यायचं होतं. आबा पाठमोरे पुढे निघाले. मागे वळून बघायला त्यांना अख्खी खुर्ची वळवावी लागली असती. त्यांनी नुसता एक हात वर केला आणि पासपोर्टच्या रांगेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.